फॅटी लिव्हरची ओळ कशी वाचायची: टेप, रक्ताचे कागद आणि इंदुरी ताट

दादा सोनोग्राफीला गेला होता मुतखड्यासाठी. खडा सापडला, यथावकाश पडला, आणि त्याच कागदावर खाली लिहिलेली 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' ही ओळ तशीच राहिली. 'हे आजकाल सगळ्यांनाच असतं' असं कोणीतरी म्हणालं आणि कागद सुदामा नगरच्या घरातल्या कपाटात गेला. पाच वर्षांनी मी तो बाहेर काढला. तोपर्यंत दादाची उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, आणि पट्ट्याचं भोक, तिन्ही पुढे सरकली होती.

मी इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात पडला की माणसं जाड अक्षरात छापलेला आकडा बघतात आणि बाकीचं पान घडी करून ठेवतात. साखरेचा कागद साखरेच्या डॉक्टरांकडे जातो, कोलेस्टेरॉलचा हृदयाच्या, सोनोग्राफीचा पोटाच्या. चारही कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले, की बहुतेक वेळा एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिलेली दिसते. औषधाच्या दुकानात लिव्हरचं सिरप मागण्याआधी ती गोष्ट समजून घ्या. दादाच्या वेळी हे आम्हाला उशिरा सुचलं.

आत काय चाललेलं असतं

यकृत साधारण दीड किलोचं. त्याच्या पेशींपैकी पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबीचे थेंब साठले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. तूप-तेल खाल्लं आणि ते थेट यकृतात जाऊन बसलं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ताटातल्या स्निग्धांशातून यकृतात येणारा वाटा लहान, सुमारे पंधरा टक्के. साधारण साठ टक्के चरबी येते अंगावरच्या चरबीच्या साठ्यातून. उरलेली, म्हणजे जवळपास पाव हिस्सा, यकृत स्वतः साखर आणि पिठूळ पदार्थांपासून तयार करतं.

हे सगळं इन्सुलिनशी बांधलेलं आहे. जेवण झालं की इन्सुलिन तीन ठिकाणी निरोप देतं. स्नायूंना सांगतं, साखर आत घ्या. चरबीच्या पेशींना सांगतं, तुमचा साठा आता बंद ठेवा. यकृताला सांगतं, साखर बनवणं थांबवा. पोटाचा घेर वाढतो, हालचाल कमी होते, तसे हे निरोप नीट ऐकले जात नाहीत. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मग चरबीच्या पेशी गळक्या माठासारख्या झिरपत राहतात आणि ती चरबी रक्तातून यकृतात येते. स्नायूंनी न घेतलेली साखरही तिथेच येते आणि तिचीही चरबी होते. शरीर निरोप पोचावा म्हणून आणखी इन्सुलिन ओततं, आणि यकृतातला चरबी बनवण्याचा कारखाना त्या जादा इन्सुलिनवर अधिकच जोरात चालतो.

आता उलट बाजू. चरबीने भरलेलं यकृत गप्प बसत नाही. ते जास्तीची चरबी पुड्या बांधून रक्तात पाठवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड वाढतात. त्या ओढाताणीत चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरतं. रात्रभर साखर बनवणं थांबत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटीची साखर १०५, ११० अशी येते. 'रात्री तर मी पोळीसुद्धा खाल्ली नाही, मग साखर आली कुठून?' असं लोक मला सुई टोचताना विचारतात. ती यकृतातून आलेली असते.

म्हणून तर २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचं नाव बदललं. आधी 'दारूमुळे न झालेलं' असं, म्हणजे काय नाही ते सांगणारं नाव होतं, एनएएफएलडी. आता एमएएसएलडी म्हणतात, आणि त्यात चयापचयातला बिघाड नावातच आला. या आजाराच्या रुग्णांचा मृत्यू सर्वात जास्त कशाने होतो, तर हृदयविकाराने. सोनोग्राफीतली ती ओळ हृदयाबद्दलही काही सांगत असते.

पायरी पहिली: टेप आणि पाच खुणा

शिवणकामाची टेप घ्या. सकाळी, कपड्यावरून न घेता उघड्या पोटावर, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये लावा. श्वास सहज सोडला की आकडा वाचा. पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० सेंटिमीटर ही हद्द आहे. पँटचा नंबर हे माप नव्हे, पँट पोटाखाली बांधली जाते. दादाची पँट ३६ची आणि पोट १०२ सेंटिमीटर होतं.

मग रक्ताचे कागद. त्यात शोधायचं: उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.७ किंवा वर. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर. एचडीएल पुरुषात ४० आणि बायकांत ५० किंवा त्याहून कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. यांपैकी कशासाठी गोळी चालू असेल तर आकडा चांगला आला तरी ती खूण धरायची. टेप ही पाचवी खूण. तिच्याऐवजी उंचीच्या हिशेबाने वजन, म्हणजे बीएमआय, २३च्या वर असलं तरी चालतं. यकृतात चरबी आहे, यांतली एक जरी खूण आहे आणि दारूसारखं दुसरं कारण नाही, तर निदान एमएएसएलडीचंच.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या हाडापेराच्या माणसांत काटा साधारण दाखवतो आणि चरबी पोटात, यकृतात बसलेली असते. त्यामुळे काट्यापेक्षा टेपवर माझा जास्त विश्वास आहे.

रक्त द्यायला येताना दोन गोष्टी पाळा. दहा-बारा तास पोट रिकामं हवं, म्हणजे आदल्या रात्री सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, बारा वाजता रबडी खाऊन सकाळी सातला ट्रायग्लिसराइडसाठी हात पुढे करू नका. आणि आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये जबर वजनं उचलू नका. स्नायू ताणले गेले की एसजीओटी आणि एसजीपीटी, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी ही एन्झाइम्स, दोन्ही वाढतात, आणि यकृताचा दोष नसताना घरात रडारड होते.

पायरी दुसरी: एक छोटं गणित

ग्रेड वन, टू, थ्री हे आकडे यकृतात चरबी किती याचा अंदाज देतात. यकृत आतून किती निबर झालंय, त्यात व्रण पडलेत का, हे ग्रेड सांगत नाही. आणि पुढचं सगळं भविष्य या व्रणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर ठरतं. ग्रेड थ्री असून व्रण नसलेली माणसं असतात, ग्रेड वन असून व्रण असलेलीही. शिवाय चरबी थोडी असेल तर साध्या सोनोग्राफीत ती दिसतही नाही. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणूनही सुटका मानू नका. यकृत बरंच पुढे गेलेल्या माणसाचंही ते नॉर्मल येऊ शकतं.

व्रणांचा अंदाज घ्यायला फिब-फोर नावाचं गणित आहे, आणि त्याला वेगळी तपासणी लागत नाही. वय गुणिले एसजीओटी, हे वर. खाली प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट हजारात घ्यायच्या: रिपोर्टवर २.१० लाख असेल तर २१०.

दादाचं असं आलं. वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१० लाख. वर ४८ गुणिले ५२, म्हणजे २४९६. ६४चं वर्गमूळ ८, खाली २१० गुणिले ८, म्हणजे १६८०. भागाकार १.४९.

आकडा १.३च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी. पासष्टीच्या पुढे ही हद्द २ धरतात. २.६७च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञांकडे जा. मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायचं. पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित नीट लागू पडत नाही. लॅबमधली म्हणून एक सूचना: प्लेटलेट अचानक फार कमी आल्या आणि अंगावर काही लक्षण नाही, तर घाबरण्याआधी स्लाइडवर पाहून खात्री करायला सांगा. कधी कधी नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या होतात, यंत्र त्या मोजत नाही, आणि फिब-फोर खोटा वाढतो.

फायब्रोस्कॅन दुखत नाही. तीन तास उपाशी राहून जायचं, बरगड्यांवर एक नळी टेकवतात, टिचकी मारल्यासारखं वाटतं. निबरपणा किलोपास्कलमध्ये येतो: ८च्या खाली असेल तर चिंता कमी, १२च्या वर असेल तर गंभीर. याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी, आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. चरबी आहे म्हणून दुसरं काही नसेलच असं नसतं.

दारूबद्दल स्पष्ट बोलूया, कारण रिपोर्ट घेताना पुरुष इथे आवाज खाली आणतात. आठवड्याला पुरुषात २१० ग्रॅम आणि बायकांत १४० ग्रॅम अल्कोहोलच्या पुढे गेलं, की दारूही कारणांत धरली जाते. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम असतं. चरबी आधीच साठलेली असताना सगळ्यात सुरक्षित प्रमाण शून्य. डॉक्टरांना खरा आकडा सांगा, घरच्यांसमोर नको असेल तर एकट्याने सांगा.

पायरी तिसरी: किती किलो, किती दिवसांत

वजनाच्या तीन ते पाच टक्के उतरवलं की यकृतातली चरबी कमी व्हायला लागते. सात टक्क्यांच्या पुढे सूज ओसरते. दहा टक्के किंवा जास्त उतरवलेल्या अनेकांत व्रणसुद्धा मागे हटलेले दिसले आहेत. दादा ८४ किलोंचा होता. सात टक्के म्हणजे सहा किलोच्या आत, दहा टक्के म्हणजे ८.४ किलो. वहिनीने हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले. '२० किलो कमी कर' ऐकून जो माणूस सुरूच करत नाही, तो 'सहा किलो' ऐकून सुरू करतो.

घाई मात्र नको. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. पंधरा दिवस फक्त रसावर राहून झपाट्याने वजन पाडलं तर यकृताची सूज वाढू शकते आणि पित्ताशयात खडे होऊ शकतात. बारीक अंगाच्या माणसाला तीन ते पाच टक्केही पुष्कळ होतात.

पायरी चौथी: ताट

इथे मी जास्त वेळ घेणार, कारण आमच्या गावात अडचण इथेच आहे.

इंदूरची सकाळ पोह्यांनी होते. वर मूठभर सेव, जिरावण मसाला, शेजारी जलेबी, मग साखर घातलेला चहा. पोह्यांवर माझा राग नाही. पण या सगळ्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, आणि पीठ, साखर, तेल एकाच वेळी येतात. आमच्याकडे बदल असा केला: वाटीभर पोहे, त्यात मोड आलेले मूग किंवा मटार आणि शेंगदाणे, शेजारी दोन उकडलेली अंडी नाहीतर वाटीभर घट्ट दही. सेव चमच्याने, डब्यातून ओतून नाही. जलेबी रविवारी, दोन वेटोळी. दादा पहिले पंधरा दिवस कुरकुरला, मग अकराच्या कचोरीची भूक लागेनाशी झाली हे त्याच्याच लक्षात आलं.

साखरेचा हिशेब वेगळा करा. साध्या साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो, आणि फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतच उचलतं. त्याची चरबी तिथेच तयार होते. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर, मिठाईला हात न लावता. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ ग्रॅमच्या खाली राहायला सुचवते. आधी दोनाचा दीड चमचा, पंधरा दिवसांनी एक. जीभ सवय लावून घेते. शीतपेय, डब्यातला रस, दुधाच्या गोड इंदुरी शिकंजीचा मोठा ग्लास हे पूर्ण थांबवा. पिण्यातली साखर पोट भरल्याचं कळू देत नाही. गूळ आणि मध यकृताला साखरच आहेत. अख्खं फळ मात्र खा, पेरू, संत्रं, पपई, दिवसाला एक-दोन.

दुपारच्या जेवणात वरण वाढवा आणि भात कमी करा. आपल्या वरण-भातात वरण नावाला असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत असं दिसलं की आपल्या दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के पिठूळ पदार्थांतूनच येते. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी आणि कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-पनीर-अंडं-मासळी, पाव भाग पोळी, भाकरी किंवा भात. पोळी आणि भात दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्धं. ज्वारीची भाकरी उत्तम, पण ती चार खाल्ल्या तर हिशेब तोच.

उपासाचं बोलायलाच हवं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा पापड, रात्री रताळ्याचा गोड कीस: हा दिवस साध्या दिवसापेक्षा यकृताला जड जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, एक फळ, असा उपास आईनेही मान्य केला. भगर घ्यायची तर अर्धी वाटी.

तेलासाठी एक साधी युक्ती: महिन्याच्या एक तारखेला घरात येणारं तेल मोजा. चार माणसांच्या घरी पाच लिटर संपत असेल तर पुढच्या महिन्यात चार, मग तीन. एकदा तळलेलं तेल पुन्हा तापवू नका. रविवारचे दाल-बाफले, म्हणजे डाळीबरोबर कणकेचे भाजलेले गोळे, महिन्यातून एकदा, आणि बाफला तुपात बुडवण्याऐवजी वरून चमचाभर तूप. सराफा बंद करा असं मी सांगणार नाही. हिवाळ्यातला गराडू, म्हणजे तळलेला कंद, आणि भुट्ट्याचा कीस हे आमच्या गावाचं सुख आहे. पण रात्रीचं जेवण झाल्यावर साडेदहाला तिथे जाऊन पुन्हा जेवायचं, हे मात्र थांबायला हवं. महिन्यातून एकदा जा, उपाशी जा, दोघांत एक घ्या आणि तेच जेवण समजा.

बिनसाखरेच्या कॉफीबद्दल चांगली बातमी आहे: दिवसाला दोन-तीन कप पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात. झोप लागत असेल आणि छातीत धडधडत नसेल तर खुशाल प्या.

पायरी पाचवी: पाय आणि स्नायू

आठवड्याला दीडशे मिनिटं दमवणारी चाल हवी: बोलता येईल, गाता येणार नाही अशा वेगाने. पिपल्यापाल्याचं उद्यान असो, मेघदूत असो की घराची गच्ची. त्याखेरीज प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता साखर ओढून घेतो, म्हणून ही छोटी चाल इतकी कामाची. वजन फारसं हललं नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, हे काटा अडून बसलेल्यांनी लक्षात ठेवा.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायामही हवा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीवर हात टेकून दंड, दोन हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. चाळिशीनंतर स्नायू झडतात आणि साखर ठेवायची जागाच कमी होते. रजोनिवृत्तीनंतर बायकांत हा आजार वाढतो, तेव्हा 'मी दिवसभर घरात उभीच असते' हा हिशेब पुरत नाही, वहिनी-काकूंनो. आणि ज्यांच्या घोरण्यात श्वास अडकतो, त्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी. त्याचा आणि फॅटी लिव्हरचा जवळचा संबंध आहे.

औषधांबद्दल थोडक्यात

लिव्हर टॉनिकने चरबी उतरते असा भक्कम पुरावा नाही. गुळवेलीच्या काढ्यांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी केली आहे. झाडपाला म्हणून निर्धास्त राहू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी फॅटी लिव्हरमुळे परस्पर बंद करू नका, तिथे हृदयाला तिची गरज जास्त असते. खरी औषधं आता येत आहेत: भारतात सॅरोग्लिटाझारला २०२० साली मान्यता मिळाली, अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरोम आणि २०२५ साली सेमाग्लुटाइड यांना, तीही सूज आणि व्रण असलेल्या रुग्णांसाठी. ती कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह असेल तर गोळ्या निवडताना 'मला फॅटी लिव्हर आहे' हे त्यांना आवर्जून सांगा, काही गोळ्या दोन्हींना उपयोगी पडतात.

डोळे पिवळे, पोटात पाणी, काळं शौच, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ: यांतलं काहीही दिसलं तर या लेखातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पुन्हा कधी मोजायचं

टेप महिन्यातून एकदा, त्याच वाराला. साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड, एसजीओटी-एसजीपीटी आणि प्लेटलेट तीन ते सहा महिन्यांनी. फिब-फोर कमी असेल तर मधुमेहींनी तो दर एक-दोन वर्षांनी काढावा, बाकीच्यांनी दोन-तीन वर्षांनी. सोनोग्राफी दर महिन्याला करून पैसे घालवू नका. खाजगी लॅब परवडत नसेल तर तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. केंद्र सरकारने २०२१ साली फॅटी लिव्हरही असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे.

दादाला चौदा महिने लागले. मध्ये दिवाळी आली, भाचीचं लग्न झालं, दोन किलो परत चढले आणि पुन्हा उतरले. वजन ८४वरून ७६.५, पोट १०२वरून ९४, एचबीएवनसी ६.१वरून ५.६, ट्रायग्लिसराइड २१८वरून १४६. फिब-फोर १.४९वरून १.०९. पोट अजून हद्दीच्या चार सेंटिमीटर वर आहे. वहिनीने टेप फ्रिजच्या दांड्याला बांधून ठेवली आहे, आणि पुढचं सॅम्पल काढायला मी कार्तिकी एकादशीनंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता जाणार आहे.